चिंचेने घासलेला रुपया

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमच्या घरी एक राणीछाप रुपया असतो. १८६२ सालचा. धनत्रयोदशीला सकाळी आई चिंच भिजत घाली आणि दुपारची निजानीज झाली की मागच्या दाराशी बसून तो रुपया चिंचेने आणि राखेने घासघासून लख्ख करी. "लक्ष्मी कशी उजळ दिसली पाहिजे," असे तिचे म्हणणे. असे दोन रुपये होते. आई गेल्यावर एक माझ्या वाट्याला आला, दुसरा धाकट्या भावाच्या. भाऊ डेन्व्हरला असतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्याला १९७२ च्या कायद्याची बंदी आहे, म्हणून त्याचा रुपया पुण्यातच, आईच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, कागदाच्या पुडीत पडून आहे. त्याला कोणी हात लावीत नाही. तो काळा पडला आहे. माझा मात्र मी दर दिवाळीला आईसारखाच घासते; निदान परवापर्यंत घाशीत होते.

गेल्या उन्हाळ्यात भावाकडे जाण्याचा योग आला. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वारी म्हणाली, "ताई, पुढच्या आठवड्यात आपण कोलोरॅडो स्प्रिंग्जला जाणार. मी नाण्यांच्या शाळेत नाव घातलंय." पन्नाशीकडे झुकलेला, यंत्रांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस शाळेत जाणार! मी हसले. पण त्याने माझेही राहण्याचे पैसे भरून टाकले होते, आणि माझ्या मोबाइलमध्ये दोन्ही रुपयांचे फोटो आहेत की नाहीत हे तीनदा विचारून घेतले होते.

डेन्व्हरहून दक्षिणेला सत्तर मैल गेले की हे गाव लागते. उजव्या हाताला सबंध रस्ताभर रॉकी पर्वताची रांग सोबत करते. गाव सहा हजार फुटांवर. आमचे कळसूबाईचे शिखर ५४०० फूट. म्हणजे येथे किराणा आणायला गेलेला माणूसही कळसूबाईच्या डोक्यावरून चालत असतो! दोन जिने चढले की मला धाप लागे. गावाच्या पाठीशी पाइक्स पीक हे १४,११५ फुटांचे शिखर उभे आहे. सकाळी ते इतके स्वच्छ दिसते की हात लांबवावा, आणि दुपारी दोनच्या सुमारास त्यावर ढग जमून अर्धा तास अशी झोडपणारी सर येते की आपल्या वळिवाची आठवण व्हावी. गावाबाहेर तांबड्या दगडाचे सुळके उभे असलेली एक बाग आहे, 'गार्डन ऑफ द गॉड्स'. मालकाच्या मुलांनी १९०९ साली ती शहराला देऊन टाकली, सर्वांना फुकट पाहता यावी या अटीवर. प्रवासवर्णनकार तिच्यावर दहा पाने लिहितील. मी तेथे एक संध्याकाळ काढली आणि मला ती आवडली, एवढे सांगून पुढे जाते. कारण माझे मन गुंतले ते गावातल्या एका साध्या इमारतीत.

ही इमारत अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनची, म्हणजे नाणेसंग्राहकांच्या संस्थेची. जॉर्ज हीथ नावाच्या मिशिगनमधल्या एका डॉक्टराने १८९१ साली ती काढली. योगायोग पाहा, त्याच सुमारास पाइक्स पीकच्या पलीकडच्या अंगाला क्रिपल क्रीक येथे सोने सापडले आणि या गावात लक्षाधीशांचे वाडे उठले. पण संस्थेचे बिऱ्हाड येथे आले ते पुष्कळ नंतर, १९६७ साली. शेजारीच १८७४ मध्ये स्थापन झालेले कोलोरॅडो कॉलेज आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की त्यांच्या खोल्यांतून ही नाण्यांची शाळा भरते. नातवंडे असलेले गृहस्थ, बारा-तेरा वर्षांची पोरे, दुकानदार, निवृत्त शिक्षक, सगळे एका रांगेत ताटल्या घेऊन जेवायला उभे राहतात आणि जेवताना दुसरा विषय नाही.

भावाचा वर्ग होता नाण्यांची प्रत ठरवण्याचा. हा काय प्रकार आहे हे मला आधी नीट कळले नाही. आपल्याकडे नाणे पारखायचे म्हणजे खरे की खोटे ते पाहायचे. आपल्या गावगाड्यात त्यासाठी पोतदार होता, बाजारात सराफ होता. शेकडो टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत फिरत. कोणाची चांदी कमी, कोणाचा शिक्का झिजलेला. पोतदार ते दगडावर वाजवी, तोली, कसाला लावी आणि ठरवी की यावर बट्टा किती. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया सगळीकडे चालू झाला आणि पोतदाराचे काम हळूहळू गेले. आडनाव उरले. भाषेत मात्र तो अजून ठाण मांडून बसला आहे. आपण माणसाला 'नाणावलेला' म्हणतो, बोलणे 'खणखणीत' म्हणतो, आणि घराण्याच्या नावाला 'बट्टा' लागू नये म्हणून जपतो.

या अमेरिकन पारख्यांचा प्रश्न निराळा. नाणे खरे आहे हे ठरल्यावर ते पुढे विचारतात, टांकसाळीतून निघाल्यापासून याला जगाचा हात किती लागला? उत्तर १ ते ७० या आकड्यांत द्यायचे. १ म्हणजे नाणे कोणते एवढेच कसेबसे ओळखू यावे असे गुळगुळीत. ७० म्हणजे भिंगाखालीसुद्धा निर्दोष. ६० पासून पुढे सगळी न वापरलेली, न झिजलेली नाणी. म्हणजे न वापरलेल्या नाण्यातही अकरा पायऱ्या! बाजारातला खरा तमाशा या अकरा पायऱ्यांवर चालतो. एखाद्या दुर्मिळ वर्षाच्या नाण्याला ६४ म्हटले तर एक भाव आणि ६५ म्हटले तर त्याच्या कितीतरी पट. आणि ६४ व ६५ यांतला फरक कशात, तर राणीच्या गालावर एक ओरखडा आहे की दोन, अशा गोष्टीत.

हे सत्तर कोठून आले? आपल्याकडे गुण पस्तीसचे किंवा शंभरचे असतात. सत्तर हा काही बसणारा आकडा नव्हे. तो विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा. माणसांची शरीरयष्टीवरून तीन प्रकारांत वाटणी करणारा म्हणून तो त्या शास्त्रात प्रसिद्ध होता. अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटांवर त्याने १९४९ साली ग्रंथ लिहिला, आणि सर्वांत हलक्या नाण्याच्या सत्तर पट किंमत सर्वांत उत्तम नाण्याला येते असा त्या वेळचा बाजार पाहून हे माप बसवले. पुढे भाव बदलले, ते प्रमाण पार मोडले, पण आकडे राहिले, आणि तांब्याचे माप चांदीसोन्यालाही लागू झाले.

शेल्डन १९७७ मध्ये वारला. त्यानंतर पंधरा-एक वर्षांनी उघडकीस आले की न्यूयॉर्कच्या एका नाणेसंस्थेच्या संग्रहातली उत्तम सेंटे काढून घेऊन त्या जागी त्याने आपली हलकी सेंटे ठेवली होती. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर चोरी पकडली गेली, कोर्टकज्जे झाले. चांगले आणि कमी चांगले यांतला फरक जगाला ज्याने शिकवला, त्याने तो फरक असा वापरला. भावाने हे सांगितले तेव्हा मी जेवणाची ताटली खाली ठेवली.

वर्ग घेणारे गृहस्थ सत्तरीचे होते. सगळे आयुष्य नाण्यांत गेलेले. मी दारातून डोकावत होते, तर म्हणाले, "आत येऊन बसा ना, बाई." खोलीत अंधार, आणि प्रत्येक टेबलावर एकच दिवा. नाणे फक्त कडेने धरायचे, दिव्याखाली हळूहळू कलते करायचे. नव्या नाण्यावरून प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरते. साच्याच्या प्रचंड दाबाने धातू कडेकडे सरकतो आणि त्याच्या बारीक रेषा उमटतात, त्यांची ही झळाळी. नाणे वापरले, की उंचवट्यांवरची ती आधी मरते. सोड्याने, पावडरीने, कापडाने पुसले, तर नाणे चकचकीत दिसते पण ते आऱ्याचे फिरणे बंद होते. चकाकी आणि झळाळी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मला त्या खोलीत कळले.

आमच्यासमोर मॉर्गन डॉलर होते. १८७८ ते १९०४ आणि मग एकदा १९२१ मध्ये पाडलेला हा चांदीचा मोठा, दोन तोळ्यांहून जड रुपया. त्यावर स्वातंत्र्यदेवीचा मुखवटा. टांकसाळीतून हजार हजार डॉलर पोत्यांत भरून जात आणि ती पोती फेकली जात, तेव्हा आतल्या आत नाणी एकमेकांना घासत. त्यामुळे न वापरलेल्या डॉलरवरही खुणा असतात. खूण केसांत असली तर ती लपते. मोकळ्या गालावर असली तर पहिली नजर तीवरच जाते. म्हणून गालावरच्या खुणेचा दंड मोठा. शिवाय न्यू ऑर्लिअन्सच्या टांकसाळीची नाणी पुष्कळदा कानावरच्या केसांत पुसट असतात; ती झिजलेली नव्हेत, मुळातच हलकी ठोकलेली. नवशिका तेथे हमखास फसतो. मीही फसले.

गृहस्थांनी माझ्यापुढे सहा डॉलर मांडले आणि सांगितले, "तुमचे आकडे कागदावर लिहा." मी मोठ्या गंभीरपणे लिहिले: ६३, ६४, ६२, ६५, ६३, ६४. मग त्यांनी आम्हाला रंग चढलेल्या नाण्यांबद्दल अर्धा तास सांगितले, आणि पुन्हा सहा डॉलर मांडून म्हणाले, "हेही लिहा." मी लिहिले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि नाण्यांखालचे क्रमांक उलटून दाखवले. तीच सहा नाणी होती, फक्त क्रम बदललेला. माझे दोनच आकडे जुळले. ज्याला मी आधी ६२ दिले होते, त्याला आता ६४ दिले होते; कारण दुसऱ्या फेरीत ते एका फार खरचटलेल्या डॉलरच्या पाठोपाठ आले होते.

मी ओशाळले. ते म्हणाले, "तुमचे दोन जुळले, हे वाईट नाही." मग त्यांनी स्वतःची रीत सांगितली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते ठराविक प्रतीची नमुन्याची नाणी डोळ्याखालून घालतात. डोळा रात्रीतून सरकतो, म्हणाले. वाईट नाण्यांचा गठ्ठा आला की बरे नाणे उत्तम वाटते, आणि उत्तमांचा आला की बरे ते वाईट. जेवणानंतर सरकतो, कंटाळ्याने सरकतो, आणि नाणे कोणाचे हे कळले तर सर्वांत जास्त सरकतो.

म्हणूनच प्रतवारीच्या मोठ्या कंपन्या निघाल्या. या संस्थेनेच १९७२ मध्ये नाणी खरी की खोटी हे तपासण्याचा विभाग काढला आणि १९७९ पासून प्रतही द्यायला सुरुवात केली. मग १९८६ आणि १९८७ मध्ये दोन खासगी कंपन्या आल्या. मालकाचे नाव न कळता दोनतीन पारखी वेगवेगळे आकडे देतात, एक ज्येष्ठ पारखी शेवटचा निर्णय घेतो, आणि नाणे आकड्यासह प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे सील होते. त्या डबीला 'स्लॅब' म्हणतात. (आपल्याकडे स्लॅब म्हटले की घर गळते की नाही हा प्रश्न येतो, तेथेही फारसे निराळे नाही.) कारण लोक लबाड. ६४ ची डबी फोडायची आणि तेच नाणे पुन्हा पाठवायचे. कधीतरी ६५ येईल! आणि कधीतरी येतेही. १९९० मध्ये सरकारच्या व्यापार आयोगाने अशाच एका कंपनीच्या, आपली प्रतवारी निःपक्षपाती आणि नेहमी एकसारखी असते या जाहिरातीला हरकत घेतली होती. त्याच सुमारास संगणकाकडून प्रत ठरवण्याचे प्रयोगही झाले, पण ते टिकले नाहीत. २००७ मध्ये तर डबीतल्या नाण्याची प्रत पुन्हा पाहून पटली तर वर हिरवी चकती चिकटवणारी कंपनी निघाली. पारख्यांची पारख!

त्या रात्री मला झोप आली नाही. डोंगरावरच्या विरळ हवेचे निमित्त होते, पण खरे कारण दुसरे. मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासते आहे. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेच्या पुनर्मूल्यांकनाच्या पत्रिका माझ्याकडे आल्या. पहिल्या परीक्षकाकडे त्या पुन्हा जाऊ नयेत असा नियम. पण कोठेतरी घोटाळा झाला असावा. गुणांवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. एक पत्रिका मी मन लावून वाचली, ६१ गुण दिले, आणि मग समासातली लाल खूण पाहिली. शेपूट वर वळलेली ती खूण माझीच होती. जे करू नये ते मी केले. पट्टीचा कोपरा उचलला. खाली ५२ होते. त्या मुलीला त्या पेपरात पहिला वर्ग मिळाला. मी कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीची सर आली, तेव्हा आम्ही दोघे संग्रहालयाच्या पायरीशी गाडीतच बसून राहिलो होतो. मी भावाला हे सांगितले. आईच्या मागे हे सांगण्यासारखे तोच एक माणूस. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, त्या पहिल्या गठ्ठ्यातल्या बाकीच्यांचं काय?"

काचेवरून पाणी वाहत होते. बाकीच्यांनी पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले नव्हते, एवढेच मला ठाऊक होते.

पाऊस ओसरल्यावर आत गेलो. संग्रहालयात मला १९१३ च्या पाच सेंटांच्या नाण्याने, त्यांच्या 'निकल'ने, धरून ठेवले. स्वातंत्र्यदेवीच्या छापाचे निकल १९१२ मध्येच बंद झाले होते. तरी १९१३ साल घातलेली पाच नाणी कोणीतरी गुपचूप पाडली. जगात तेवढीच पाच. त्यांतले एक येथे आहे. ते मॅकडरमॉट नावाच्या एका व्यापाऱ्याकडे होते. हा गृहस्थ ते खिशात टाकून दारूच्या गुत्त्यांतून हिंडे आणि ज्याला त्याला दाखवी. त्यामुळे पाचांपैकी याच एकावर हातांच्या खुणा आहेत. बीबी आडनावाच्या दांपत्याने १९६७ मध्ये ते ४६,००० डॉलरला घेतले आणि १९८९ मध्ये संस्थेला देऊन टाकले.

पाचव्या नाण्याची हकीकत मात्र ऐकावी अशी आहे. त्याचा मालक जॉर्ज वॉल्टन १९६२ मध्ये नाण्यांच्या प्रदर्शनाला जाताना मोटारच्या अपघातात गेला. नाणी लिलावासाठी पाठवली, तेव्हा तज्ज्ञांनी निर्णय दिला की याचे साल खोडून बदललेले आहे, हे बनावट. नाणे घरी परत आले. त्याच्या बहिणीने ते पाकिटात घालून कपाटात ठेवून दिले, आणि ते तेथे तीस वर्षांहून अधिक पडून राहिले. २००३ मध्ये या संस्थेच्या बाल्टिमोरच्या अधिवेशनात बाकीची चारही नाणी एकत्र आली होती. नातेवाईक पाचवे घेऊन गेले. मध्यरात्री, बंद खोलीत, सहा तज्ज्ञांनी पाचही शेजारी ठेवून पाहिली आणि एकमताने सांगितले, खरे आहे. पुढे काही वर्षे ते याच संग्रहालयात ठेवलेले होते. २०१३ मध्ये ते ३१ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. बहीण त्याआधीच वारली होती. जे पहिल्यांदा चुकले तेही तज्ज्ञच होते, आणि त्यांच्यापुढे एकच नाणे होते. दुसऱ्या खेपेला शेजारी चार होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी भावाने माझा मोबाइल त्या गृहस्थांपुढे धरला. "फोटोवरून खात्रीचे काही सांगता येत नाही," असे बजावूनच त्यांनी पाहिले. माझा रुपया त्यांनी बोटांनी मोठा केला. राणीच्या गालावर, मुकुटाच्या खाली, सगळीकडे एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा. मी त्या आजवर कधी पाहिल्या नव्हत्या.

"हा कोणी घासला?"

"आईने. पन्नासएक वर्षे. नंतर मी."

ते अवघडले. अशा नाण्याला कंपनी आकडा देत नाही म्हणाले. खरे आहे एवढे लिहिते आणि पुढे लिहिते, 'साफ केलेले'. मग त्यांनी भावाचा काळा रुपया पाहिला, आणि बराच वेळ पाहिला. काळेपणाखाली त्याची झळाळी असावी असे त्यांना वाटले. सालाच्या खालचे बारीक ठिपके मोजू लागले. १८६२ हेच साल घालून हे रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले गेले, आणि मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष ठिपक्यांत दडवले आहे, हे मला एका अमेरिकन माणसाने अमेरिकेत सांगितले. "याला कोणी हात लावू नका," ते म्हणाले. भाऊ गालातल्या गालात हसत होता. हा रुपया काही दुर्मिळ नाही, त्याने कोणी श्रीमंत होणार नाही. तरी परतीच्या रस्त्यात मला त्याचा राग आला. ज्याने कधी पुडीसुद्धा उघडली नाही त्याचा रुपया उत्तम, आणि ज्याची दरसाल पूजा झाली त्याला आकडाच नाही!

ऑक्टोबरात परीक्षेचा गठ्ठा आला. या खेपेला मी आधी दहा पत्रिका बाजूला काढल्या, तपासल्या, आकडे वहीत लिहून ठेवले, आणि रोज बसण्याआधी त्यांतल्या दोन पुन्हा वाचू लागले. काम दुप्पट वेळाचे झाले. घरचे लोक कुरकुरले. तिसऱ्या दिवशी मला पहिल्या दिवसाचे चार आकडे बदलावे लागले.

धनत्रयोदशीला भावाचा फोन आला. "ताई, माझा घासू नकोस हं."

"नाही घाशीत," मी म्हटले. चिंच भिजत घातलेली होती. माझा रुपया मी घासला, नेहमीसारखा, मागच्या दाराशी बसून. लक्ष्मीपूजनाला मात्र डब्यातली पुडी सोडून दोन्ही पाटावर ठेवले, शेजारी शेजारी. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकूंनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "हा एक काळाच ठेवलात? घासायचा राहिला वाटतं."

"राहिला," मी म्हटले.